हात न लागलेला घास

उरवड्याच्या भिवाजीचं पोर वर्षाचं होत आलं तरी त्याच्या तोंडात अन्नाचं एक शीत गेलं नव्हतं. पोराचं नाव वाल्मीक. त्याला खाली दोन आणि वर दोन दात आले होते, आणि त्यांचा त्याला काही उपयोग नव्हता. एखाद्याला बंदूक द्यावी आणि काडतुसं सरकारजमा करावीत, तसं.

घरात ताटं मांडली की त्याची आई चंद्राबाई त्याला कडेवर घेऊन गोठ्यात जायची. पोर मागं वळून भाकरीकडं दोन्ही हात पसरायचं. ती त्याचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरायची. घरातल्यांची जेवणं झाली, ताटं विसळली, खरकटं निपटलं, की मग ती घरात यायची आणि पोराकडं पाठ करून चार घास खायची. अंगावरचं दूध आता पुरत नव्हतं. पोराच्या मांड्या काटकुळ्या झाल्या होत्या. त्याच्या वयाची गावातली पोरं भिंतीला धरून चालत होती. हे बसवलं तर बसायचं, नाहीतर पडून छताकडं बघायचं.

याला कारण होतं. वाल्मीकच्या आधी चंद्राबाईची दोन लेकरं गेली होती. अंगावर पीत होती तोवर दोन्ही गुटगुटीत होती, आणि उष्टावण झाल्यावर महिन्याच्या आत दोन्ही हगवणीनं गेली. पहिल्या वेळी लोकांनी नशिबाला बोल लावला. दुसऱ्या वेळी नशीब सुटलं आणि लोक चंद्राबाईकडं बघायला लागले. ते दुसरं लेकरू मांडीवर घेऊन ती पौडच्या दवाखान्यात बसली होती, तेव्हा तिथल्या नर्सबाईनं तिला बरंच काही समजावून सांगितलं होतं: पाणी उकळा, भांडं झाका, हात धुवा, हे हातावाटे पोटात जातं. पण मांडीवर लेकरू विझत असताना माणूस सगळं ऐकत नाही, एखादंच वाक्य ऐकतं. चंद्राबाईनं ऐकलं ते एवढंच, की हे हातानं झालं. आणि भरवणारा हात तिचा होता.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. त्याच हातानं ती सगळ्या घराचा स्वयंपाक करत होती, घरची माणसं खाऊन धडधाकट होती, आणि तिची सासू गोजराबाई तर त्या अन्नाला तिन्ही त्रिकाळ नावं ठेवून जोमानं वाढत होती. पण असल्या पुराव्यानं आईचं समाधान होत नाही.

उष्टावण म्हणजे लेकराचा पहिला घास. तो मामानं भरवायचा, सोन्याच्या अंगठीनं चाटवायचा, आणि मुलगा असेल तर सम महिन्यात. सहाव्यात राहिला तर आठव्यात, आठव्यात राहिला तर दहाव्यात. गावात सोन्याची अंगठी एकच होती, हैबतरावांची. ती प्रत्येक उष्टावणीला जायची आणि अंगठीवर लक्ष ठेवायला मागोमाग हैबतराव जायचे. गावातल्या निम्म्या पोरांनी आयुष्यातला पहिला घास हैबतरावांच्या अंगठीवरून चाटला होता आणि त्याबद्दल हैबतरावांच्या मनात गावाविषयी एक प्रकारची पितृत्वाची भावना होती.

वाल्मीकचा मामा बहिरू, म्हणजे चंद्राबाईचा धाकटा भाऊ, खडकीला पलटणीच्या लंगरात होता. लंगर म्हणजे फौजेचं स्वयंपाकघर. गावात त्यानं आपण स्वयंपाकी असल्याचं सांगितलं होतं. तो भांडी घासायचा. हे चंद्राबाईला ठाऊक होतं, पण तिनं ते सासरी कधी बोलून दाखवलं नव्हतं. माहेरची भांडी सासरच्या दारात घासू नयेत. तर चीनच्या लढाईनंतरचं ते दुसरं वर्ष होतं आणि पलटणीत रजा मिळणं सोपं राहिलं नव्हतं. सहाव्या महिन्यात बहिरूला रजा मिळाली नाही. आठव्यात मिळाली नाही. दिवाळीला मिळाली, तेव्हा पोराला नववा लागला होता. शास्त्र आणि पलटण यांची गाठ पडत नव्हती, आणि चंद्राबाईला मनातून त्याचं बरंच वाटत होतं.

त्या दिवाळीला बहिरूनं पिशवीतून तीन पत्र्याचे डबे काढले. लंगरातल्या माणसांना सणाचे म्हणून वाटले होते. डब्यावर कागद होता, कागदावर हिरवे वाटाणे आणि गाजराच्या फोडी अशा काढल्या होत्या, की शेतात उगवलेल्यांना लाज वाटावी.

"ह्यात भाजी हाय?" गोजराबाईनं विचारलं.

"व्हय. शिजवल्याली."

"कवा शिजवली?"

"काय म्हाईत. गेल्या साली आसंल."

"आन आजून नासली न्हाई?"

"नासत न्हाई मावशे. आतली हवा काढून टाकत्यात आन झाळून बंद करत्यात. मशिनीतच धुतलं, मशिनीतच शिजवलं, मशिनीतच भरलं. मान्साचा हात म्हनून लागत न्हाई."

चंद्राबाई दारात पोराला थोपटत उभी होती. तिचा थोपटणारा हात थांबला.

"कुनाचाच न्हाई?" ती म्हणाली.

"कुनाचाच न्हाई, आक्का."

ती पुढं आली. तिनं एक डबा उचलला, फिरवून पाहिला, कानाशी नेऊन हलवला. मग म्हणाली, "ह्येची उष्टावन ह्याच्यानं करायची."

उरवड्यात त्या काळी चांगला रस्ता नव्हता, पण मतं भरपूर होती, आणि ती आठ दिवस या डब्यांवरून ये-जा करत राहिली. गोजराबाईचं मत असं, की मऊ भात आणि मुगाचं वरण खाऊन सगळं मावळ मोठं झालं, पत्रा खाऊन कुणी मोठं झाल्याचं ऐकलं नाही. शिवाय पलटणीत काय काय खातात ते देवाला ठाऊक, वाटाण्याच्या चित्राखाली बकऱ्याचं काळीज निघायचं. भिवाजीला विचारलं तर तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. तो दिवसाकाठी चार-पाच शब्द बोलायचा आणि त्यातले तीन बैलांसाठी असायचे. निकाल लावला तो हैबतरावांनी. धरणाच्या कामावर ते एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर होते आणि साहेबाचे डबे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

"सायबाची पोरं ह्याच्यावरच वाढली," ते म्हणाले. "लाल-लाल गाल. टोमॅटोवानी."

साहेबाला मूलबाळ नव्हतं, हे त्यांना त्या वेळी आठवलं नाही.

पोराला जपायचं म्हटलं की डबेही जपले पाहिजेत. घरात जपायच्या वस्तूची जागा एकच, चुलीच्या वर, धुरात. उंदीर येत नाही, कसर लागत नाही. बियाण्याची कणसं तिथंच, सुकट तिथंच. चंद्राबाईनं तिन्ही डबे शिंक्यात घालून तिथं टांगले. सकाळ-संध्याकाळ चूल पेटत होती आणि डबे वर बसून शेक घेत होते. दहाव्या महिन्यात बहिरूला रजा मिळाली नाही. हिवाळा गेला. कागद काळा पडून गळून गेला आणि डबे नुसते पत्र्याचे राहिले. पोर त्यांच्याकडं बघत वाळत चाललं. बारावा लागला आणि शिमग्याच्या आधी बहिरूला दोन दिवसांची रजा मिळाली. आता टाळायला शास्त्र शिल्लक नव्हतं, आणि पोरात जीव फारसा शिल्लक नव्हता.

उष्टावणीच्या दिवशी सकाळी शिंकं खाली काढलं. अंगण सारवलं होतं, पाट मांडला होता, पाटाभोवती रांगोळी होती. हैबतराव अंगठी बोटात घालूनच आले होते. ती काढून द्यायची तर अगदी घासाच्या वेळीच, असा त्यांचा नियम होता. गोजराबाईनं राखेनं डबे पुसले आणि ओळीनं मांडले. दोन डबे वर-खाली चपटे होते. तिसऱ्याची दोन्ही तोंडं चांगली टम्म फुगली होती.

गोजराबाईनं त्या फुगलेल्या डब्यावर तळवा फिरवला. उभा जन्म तिनं तव्यासमोर काढला होता. भाकरी फुगली तर ती साधली, चपटी राहिली तर ती गुरांना, यावर तिनं दोन सुना आणि असंख्य भाकरी पारखल्या होत्या.

"ह्यो बघा," ती म्हणाली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या आवाजात डब्याविषयी माया होती. "कसा फुगलाय. ह्यो भरल्याला हाय. ती दोन बसल्याली हायेत."

"भरीव हाय," हैबतराव बोटानं टिचकी मारून म्हणाले.

बहिरूनं डबा हातात घेतला. त्याला काहीतरी आठवलं.

"आमच्यात असलं फुगल्यालं डबं हवालदार येगळं काढतो," तो म्हणाला. "कुनाला हात लावू देत न्हाई. सवता मागच्या दारानं घिऊन जातो."

"सायबासाठी," हैबतराव म्हणाले. "उंची माल."

"तसंच आसनार," बहिरू म्हणाला.

लंगराच्या मागच्या दाराबाहेर एक खड्डा होता आणि हवालदार ते डबे त्यात टाकून वर माती लोटत असे. पण भांडी घासायच्या जागेवरून दार दिसायचं, खड्डा दिसायचा नाही.

डबा ठरला. बहिरू पाटावर मांडी घालून बसला. चंद्राबाईनं पोर त्याच्या मांडीवर दिलं आणि समोर बसली. पोराला कुंकू लावलं, अंगड्याचा बंद बांधला. डबा फोडायला घरात कोयता होता. बहिरूनं कोयत्याचं टोक डब्यावर धरलं आणि भिवाजीनं वरून वरवंट्याचा ठोका घातला.

डबा 'फुस्स' झाला. आतलं पाणी बारीक चिळकांडीनं वर उडालं आणि चंद्राबाईच्या मनगटावर पडलं.

"बघा!" गोजराबाई हरखली. "कसं ताजं हाय! जीव हाय आजून त्यात."

हसले सगळे. चंद्राबाई हसली नाही. तिनं मनगट नाकाशी नेलं. वास काहीच नव्हता.

बहिरूनं कोयत्यानं पत्रा वाकवला, वाटाण्यांचा थोडा चेंदा वाटीत काढला, हैबतरावांकडून अंगठी घेतली आणि ती त्या चेंद्यात बुडवली. पोराला कळलं. कुणी शिकवलं नव्हतं, कधी दिलं नव्हतं, पण त्याला कळलं. त्यानं मान पुढं काढली आणि चिमणीच्या पिलासारखा आ वासला. जमलेल्या बायकांतल्या एकीनं डोळ्यांना पदर लावला. अंगठी ओठाजवळ आली.

"थांब, बहिरू."

"आता काय, आक्का?"

चंद्राबाईनं त्याचं मनगट धरलं होतं. "आत काय हाय?"

"वाटानं. तू बगतीयास की."

"मग फुसफुसलं कोन?"

तिनं फोडलेल्या डब्याकडं बोट केलं.

"तू म्हनलास, आतली हवा काढत्यात. काढली तर आत हवा भरली कुनी? हात कुनाचा लागला न्हाई, आत कुनी शिरलं न्हाई, मग ह्ये आपल्या आपुन फुगलं कसं?"

"पोरी, ऱ्हाऊ दे बाई आता," गोजराबाई म्हणाली. "लेकराचं तोंड बघ."

"आक्का, मामाचा घास हाय," बहिरू हलक्या आवाजात म्हणाला. "परतवू ने. चारचौघांत."

"परतवला तर म्हायेर तुटतं म्हनत्यात," हैबतरावांनी आठवण दिली. त्यांचं अर्धं लक्ष अंगठीकडं होतं.

चंद्राबाईनं भावाचा हात बाजूला झटकला. घास पाटावर पडला, अंगठी घरंगळत रांगोळीत गेली, आणि पोर इतकं मोठ्यानं रडलं, की गावातल्यांनी त्याचा आवाज महिन्याभरात पहिल्यांदाच ऐकला. बहिरू उठला, पोराला तिच्या ओटीत ठेवलं आणि कुणाकडं न बघता देवळाकडं चालू लागला. अंगणातली माणसं एकेक करून निघाली. जाताना जो तो काहीतरी बोलत होता आणि ते चंद्राबाईला ऐकू जाईल इतपतच हळू बोलत होता. बाईनं भावाचा घास उडवला. दोन घालवली, तिसऱ्याला उपाशी मारती.

तिनं पोराचे ओठ पदरानं पुसले, मग ओल्या फडक्यानं पुसले, मग पुन्हा पुसले.

गोजराबाईला वाया घालवणं सहन होत नसे. तिनं उघडा डबा उचलला, परड्यात नेला आणि कोंबड्यांपुढं उपडा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परड्यात गेली आणि बराच वेळ आली नाही. भिवाजी बघायला गेला. मग त्यानं बहिरूला हाक मारली. बहिरू आदल्या दिवसापासून घरात जेवला नव्हता. ओसरीच्या कडेला पाहुण्यासारखा बसून होता. संध्याकाळच्या एस्टीनं त्याला परत जायचं होतं.

चार कोंबड्या कुडाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांचे डोळे उघडे होते, पण माना उचलत नव्हत्या. माना मातीत लांब टाकलेल्या, ओल्या दोरीसारख्या. एकीला गोजराबाईनं उचलून धरलं, तर मान तिच्या हाताबाहेर लोंबली आणि पापणी मात्र हळूच मिटून उघडली. ओरडत कुणीच नव्हतं.

गोजराबाई काही बोलली नाही. तिच्या बाबतीत ही घटना कोंबड्यांपेक्षा मोठी होती.

बहिरू आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडं बघत उभा राहिला. मग तो आत आला. चंद्राबाई चुलीपुढं बसली होती.

"आक्का, मी त्याच्या व्हटापातुर नेला हुता."

"म्हाईत हाय."

"मी स्वतःच्या हातानं…"

"बहिरू, बस."

त्यानं रडून घेतलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पण ती स्वतः रडली नाही आणि तिला जिंकल्यासारखंही वाटलं नाही. गावाला आता तिचं खरं वाटणार होतं. त्याचा तिला उपयोग नव्हता. साऱ्या जगात एकच अन्न तिनं असं शोधलं होतं, की जे तिच्या हाताशिवाय पोराच्या पोटात जाईल. तेही असं निघालं. आता पोराला काय द्यायचं?

पोराचा आवाज येत नव्हता म्हणून ती गोठ्यात गेली. सकाळी त्याला तिनं पोत्यावर ठेवलं होतं. ते पोत्यावरून घसरून वासराच्या खुंट्याशी पोचलं होतं, आणि वासराचं दावं दोन्ही मुठींत धरून चघळत होतं. शेणानं माखलेलं दावं. हनुवटीवरून हिरवट लाळ गळत होती. आईला पाहून ते हसलं आणि पुन्हा मन लावून चघळू लागलं.

चंद्राबाई तिथंच खाली बसली. सहा-सहा महिने ती याला अन्नापासून राखत आली होती. आणि हे रोज तिच्या मागं काय काय खात होतं, देव जाणे. ती दावं सोडवायला गेली तर पोर ते सोडेना.

ती त्याला घेऊन घरात आली. तिचा चेहरा बघून भिवाजी उठून उभा राहिला.

"ती दोन डबी आना," ती म्हणाली.

"खड्ड्यात घाल ती डबी!" गोजराबाईला वाचा फुटली.

"चपटी हायेत ती, आत्याबाई. ती फुगली न्हाईत. बहिरू, फोड."

बहिरूनं डबा चारी अंगांनी पाहिला, शिवण पाहिली, दाबून पाहिलं. फोडला तेव्हा तो फुसफुसला नाही. पाण्याचा एक थेंब उडाला नाही. आत हिरवट पिवळे वाटाणे शहाण्यासारखे बसले होते. "आधी मी," तो म्हणाला, आणि कुणी थांबवायच्या आत त्यानं मूठभर तोंडात टाकले. सगळे त्याच्याकडं बघत राहिले. तो चावत होता.

"कसं हाय?"

"खारट."

चंद्राबाईनं एक वाटाणा जिभेवर ठेवला. खरोखरच खारट होता, लोणच्याच्या खारासारखा. तिनं तो काढून बोटांत दाबला. वरचं साल जाड होतं, सरकन सुटलं आणि वाटाणा गोटीसारखा निसटून जमिनीवर गेला. पोर मांडीवरून त्याच्यामागं झेपावलं.

"ह्ये त्याच्या नरड्यात आडकंल," ती म्हणाली. "मीठ धुवून काढाया पायजे. सालं काढाया पायजेत. चिरडाया पायजे."

"मग चिरड की," बहिरू म्हणाला.

"कशानं?"

बहिरूला प्रश्न कळला नाही. "बोटानं. आनि कशानं?"

चंद्राबाई हातातल्या सालाकडं बघत होती. हात न लागलेलं अन्न मशिनीतून निघालं, डब्यातून आलं, खडकीहून उरवड्याला आलं. आणि इथवर येऊन शेवटच्या वितीला हातासाठी थांबलं. तिथून पुढं मशीन नव्हती.

"मपल्या हातानं हुतं ते," ती एकदम म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "पौडच्या बाईनं सांगितलंया. हातानं झालं म्हनली. मी भरवलं म्हनून गेली दोगं."

आपण इतकी वर्षं सुनेच्या हाताला टाकून बोललो ते तिला आधीच ठाऊक होतं आणि तिनं ते खरं धरलं होतं, ही गोष्ट गोजराबाईला नवी होती.

बोलला तो भिवाजी.

"मी बी हुतो की त्या दिशी," तो म्हणाला. "बाई म्हनली, हात धू. हात तोड म्हनली न्हवती."

एवढं बोलून तो घडा घेऊन पाण्याला गेला. त्याचा दिवसाचा साठा संपला होता.

पाणी उकळत ठेवलं. चंद्राबाईनं राखेनं हात घासले, कढत पाण्यानं धुतले, नखं विळ्याच्या टोकानं कोरली आणि पुन्हा धुतले. हातांची कातडी लाल झाली. डब्याकडं तिनं पुन्हा पाहिलं नाही. हातच लावायचा तर मग घरचं काय वाईट, असं ती म्हणाली नाही, पण माळ्यावरचा तांबडा भोपळा तिनं उतरवला. एक फाक चिरली, मूठभर जुने तांदूळ घेतले, दोन्ही एकत्र मऊ शिजवलं, मीठ न घालता. झाकण ठेवून स्वतः बाजूला बसली, आणि वाफेच्या भांड्यावर माशी बसायला आली तर बहिरू फडकं घेऊन तिच्यावर असा धावून गेला, की लढाईवर असता तर त्याला बिल्ला मिळाला असता.

कोंबड्यांचं ऐकून हैबतराव आले होते, अंगठी बोटातच होती. चंद्राबाईनं ती मागून घेतली आणि सरळ उकळत्या पाण्यात टाकली.

"अगं! आत लाख हाय! पातळ हुईल!"

"हू द्या, तात्या."

"माज्या आज्याची हाय ती!"

"म्हनूनच," ती म्हणाली. हैबतराव चुलीपाशी उकिडवे बसून पाण्यात अंगठी नाचताना बघत राहिले. त्यांनी आपल्या अंगठीचा असा तळ पूर्वी पाहिला नव्हता. पाण्यावर बारीक काळा साका वर आला होता.

भोपळा-भात वाटीत घेऊन चंद्राबाईनं बोटानं चेचला. गुठळी सापडली की पुन्हा चेचला. बहिरूनं हात धुतले आणि अंगणात न जाता चुलीपुढंच मांडी घालून पोर घेतलं. या वेळी रांगोळी नव्हती, माणसं नव्हती. त्यानं बहिणीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं अंगठी बुडवून ओठाला लावली.

पोरानं चाटलं. थांबलं. तोंड वाकडं केलं आणि सगळं जिभेनं बाहेर ढकललं. केशरी ओघळ हनुवटीवरून अंगड्यावर उतरला.

चंद्राबाई पोराला ओढून घ्यायला पुढं झाली.

"आगं, पैल्यांदा सगळीच थुकत्यात," गोजराबाई म्हणाली. आवाज नेहमीसारखा करडा काढायचा तिनं प्रयत्न केला, पण तो निघाला नाही. "तुजा नवरा तर माज्या भावाच्या धोतरावर थुकला हुता. आता तू दे. मामाचं झालं. दुसरा घास आईचा."

"आत्याबाई, तुमी द्या."

"मी कशाला? मी हात धुतल्यालं न्हाईत," गोजराबाई म्हणाली.

चंद्राबाईनं बोटाच्या टोकावर हरभऱ्याएवढा घास घेतला. तो पोराच्या तोंडापाशी नेऊन ती थांबली. पोर थांबलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी तिचं मनगट ओढलं आणि बोट तोंडात घेतलं. घास जिभेवर गेला, या गालातून त्या गालात फिरला, आणि गळ्याशी एक लहानसा उंचवटा वर जाऊन खाली आला.

मग ते चारही दात तिच्या बोटावर मिटले. जोर होता. दुखलं, डोळ्यांत पाणी आलं. "आगं बोट काढ, चावतंय ते!" बहिरू म्हणाला. एस्टीची वेळ होत आली होती आणि त्याला अजून पिरंगुटपर्यंत चालत जायचं होतं.

चंद्राबाईनं बोट तसंच ठेवलं आणि दुसऱ्या हातानं वाटी जवळ ओढली.